चालक आणि तिघे

२०२० च्या ऑगस्ट महिन्यात मोटारीत किती माणसांनी बसावे, हेही शासनाच्या आदेशात लिहिलेले असे. चारचाकीत चालक आणि तिघे, रिक्षात चालक आणि दोघे, दुचाकीवर चालक आणि एक. मुखपट्टी सर्वांना सक्तीची. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर ई-पास काढावा लागे, आणि त्यासाठी कारणही तसेच द्यावे लागे: आजारपण, घरातला मृत्यू, कुठेतरी अडकून पडलेले आप्त. मन रमत नाही, हे कारण अर्जात चालण्यासारखे नव्हते. महानगर प्रदेशातली ये-जा थोडी मोकळी झाली होती. परंतु कल्याणहून पूर्वेकडे निघणाऱ्यास दोनच मोठे रस्ते, आणि दोन्ही रस्त्यांच्या टोकाला घाट. माळशेज चढला की पुणे जिल्हा, कसारा चढला की नाशिक जिल्हा. दोन्हीकडे पास.

या दोन घाटांच्या मधे, सह्याद्रीच्या भिंतीला पाठ टेकून, मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके पसरलेले आहेत. डोळखांब हे शहापूर तालुक्यातले त्या अंगाचे गाव. कल्याणच्या व्यापारपेठेत हे नाव रोज कुठल्या ना कुठल्या वहीत लिहिले जाते. ते लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ते गाव पाहिले आहे, असा प्रश्न मात्र एरवी कोणाला पडत नाही.

कल्याणच्या चार मित्रांनाही तो पडलेला नव्हता. चौघेही एकाच महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेले, पंचावन्न ते साठ या वयाचे, आणि आपापल्या वडिलांच्या गादीवर बसलेले. मित्रमंडळीत ते एकमेकांना धंद्यावरूनच हाक मारीत: धान्यशेठ, कापडशेठ, औषधशेठ आणि सिमेंटशेठ. वर्षातून एकदा चारही जोडप्यांनी मिळून लांबची सहल करायची, हा वीस वर्षांचा परिपाठ. दुबई झाले, सिंगापूर झाले, युरोपातले बर्फाचे डोंगर झाले. २०२० च्या मे महिन्यासाठीही तिकिटे काढलेली होती. २३ मार्चपासून परदेशी विमाने बंद झाली, त्याच दिवशी राज्यातल्या जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, आणि २५ मार्चपासून सगळा देशच घरात बसला.

टाळेबंदी हळूहळू सैल होऊ लागली, तेव्हा सिमेंटशेठांनी प्रस्ताव मांडला की, जिल्हा ओलांडायचा नाही एवढीच अट असेल तर जिल्ह्यातच एक फेरी मारू. कल्याण, मुरबाड, सरळगाव, किन्हवली, डोळखांब आणि परत शहापूरवरून कल्याण. कुठे मुक्काम नाही, कुठे हॉटेल नाही. जेवण घरचे आणि सूर्यास्तापूर्वी घरी. पुढच्या शनिवारपासून पर्युषण सुरू होणार होते. म्हणून रविवार, ९ ऑगस्ट हा दिवस ठरला.

धान्यशेठांचे वडील तेव्हा नव्वदीच्या घरात होते. जिल्ह्याबाहेर न जाण्याची ही अट ऐकून ते हसले आणि म्हणाले, “आमच्या वेळी दिशापरिमाण व्रत मुनिमहाराजांकडून घ्यावे लागे. आता ते सरकारच सगळ्यांना देऊ लागले.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “डोळखांबला जाणार म्हणता? त्या दुकानाचे खाते माझ्या वेळचे आहे. मीही कधी गेलो नाही.”

या विचारण्याने धान्यशेठ जरा अवघडले; कारण फेरीच्या या मार्गाला त्यांनी जो चटकन होकार दिला होता, त्यामागे एक हिशेब होता. डोळखांबच्या त्या किराणा दुकानाकडे त्यांची बाकी साचली होती. एरवी तीस दिवसांच्या मुदतीवर साठ हजारांच्या आसपास राहणारे येणे ३१ जुलैला १,८४,६०० रुपयांवर पोहोचले होते. त्याहून त्यांना खटकली होती ती दुसरी गोष्ट. बाकी वाढत होती आणि मागणी मात्र घटत होती. तांदूळ मे महिन्यापासून शून्य, साखर अर्धी, तेल निम्म्याहून कमी. त्यांनी आपल्या मनाशी निदान करून टाकले होते: गिऱ्हाईक दुसऱ्या घाऊक दुकानाकडे वळले आहे, तिथे रोखीने घेते आणि जुने पैसे इकडे थकवते. बाजारात बसलेल्या कोणाही माणसाने हेच निदान केले असते.

औषधशेठांची हरकत वेगळ्याच मुद्द्यावर होती. “आपण फिरायला जाणार ते खरे, पण तिथे नेणार काय?” त्यांनी विचारले. कल्याण शहरात त्या दिवसांत रुग्णसंख्या मोठी होती, आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात शहर पुन्हा कडक बंद ठेवावे लागले होते. मार्च-एप्रिलमध्ये राज्यातल्या कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि ओंडके टाकून परक्यांना वाट बंद केली होती. शहरातले लोक त्यावर तेव्हा रागावले. परंतु ज्या गावाला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मोठ्या इस्पितळासाठी तासाभराचा रस्ता, त्या गावाने दुसरे करायचे तरी काय? शेवटी औषधशेठांनीच नियम घातले. निघण्यापूर्वी चौघांचा ताप आणि प्राणवायूचे प्रमाण मोजायचे. कोणाच्या घरात पाऊल टाकायचे नाही. चहा-पाणी घ्यायचे नाही, आणि तसे नम्रपणे आधीच सांगायचे. उभे राहून बोलायचे, तेही मोकळ्यावर. एकाला जरी कसर वाटली तरी फेरी रद्द. नियम सर्वांनी मान्य केले, तेव्हाच गाडी निघाली.

मुरबाडचा रस्ता ओळखीचा असूनही त्या दिवशी अनोळखी वाटत होता. रविवारी माळशेजकडे जाणाऱ्या मोटारींची एरवी रीघ लागते. धबधब्याखाली भिजणारी तरुण मंडळी, कणसे भाजणाऱ्या बायका, टपऱ्यांवरचा चहा, यांतले काही नव्हते. टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. एका नाक्यावर पोलीस हवालदाराने काच खाली करायला लावली, बोटाने चार मोजले, कुठे निघाला म्हणून विचारले आणि “घाटाकडे जाऊ नका” एवढे बजावून सोडले. सरळगावला माळशेजचा रस्ता सरळ पुढे गेला आणि गाडी डावीकडे किन्हवलीच्या दिशेला वळली. इथून पुढे चौघांपैकी कोणीही कधी आलेले नव्हते.

त्या वर्षी जुलैत पाणलोट क्षेत्रात पाऊस कमी झाला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो जोरात आला, तरी तलाव रिकामेच असल्यामुळे मुंबई महापालिकेने ५ ऑगस्टपासून वीस टक्के पाणीकपात सुरू केली होती. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी शहापूर तालुक्यातल्या एकट्या भातसा धरणातून जाते. तानसा आणि मोडकसागरही याच तालुक्याच्या अंगाचे. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. मुंबईच्या कपातीची बातमी चौघांनीही वाचली होती. पण तिचा दुसरा भाग त्यांना इथे दिसला. रोपे राबातच वाढून उंच झाली होती आणि आवणी अजून सुरू होती. ओणवी माणसे ओळीने चिखलात रोपे रोवीत होती, डोक्यावर प्लास्टिकच्या इरल्या. लावायचे भात पंधरा दिवस मागे पडले की कापायचेही मागे पडते, आणि कापणी मागे पडली की त्यावर उभे असलेले सगळेच देणे-घेणे मागे सरकते. हे गणित धान्यशेठांना वहीवरून येत होते. शेतावरून त्यांनी ते प्रथमच पाहिले.

डोळखांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वसलेले गाव आहे. आसपासच्या ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्यांचा बाजारहाट इथेच होतो. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. एरवी या दिवशी तालुक्यात मिरवणुका निघतात, वाद्ये वाजतात. त्या वर्षी गर्दीला मनाई असल्याने सगळे शांत होते. दुकान सापडायला वेळ लागला नाही. दारात आडवी दोरी बांधलेली, समोर चुन्याने आखलेली वर्तुळे, आणि आत फळीवर मोजका माल. दुकानदार साठीचे गृहस्थ, तेही वडिलोपार्जित गादीवरचे. वीस वर्षे दोघांचे दूरध्वनीवर बोलणे होते. मालाचा टेम्पो आणि पैशांचे पाकीट एवढीच काय ती ये-जा. मुखपट्टीमुळे तोंडे दिसत नव्हती. आवाजावरून ओळख पटली.

“शेठ, तुम्ही? आणि सांगितले असते तर...” दुकानदारांनी गडबडीने खुर्च्या काढायला सुरुवात केली. औषधशेठांनी हात जोडून थांबवले. “काका, आम्ही शहरातून आलोय. तुमच्याच काळजीने बाहेर उभे राहतो. चहा पुढच्या खेपेला नक्की.”

पैशांचा विषय धान्यशेठांना काढावा लागलाच नाही. दुकानदारांनी आपणहून आतून वही आणली आणि दोरीवर ठेवावी तशी उघडून समोर धरली. त्यांच्या स्वतःच्या उधारीचे ते खाते होते. एकशे चाळीस घरे, एकूण येणे २,३०,००० रुपये. सरासरी काढली तर घरटी सोळाशे-साडेसोळाशे. कोणाचे चारशे, कोणाचे तीन हजार.

“यातली पुष्कळशी घरं वीटभट्टीची,” ते सांगू लागले. पद्धत जुनीच. दिवाळीच्या सुमाराला भट्टीमालक बयाणा देऊन कुटुंबे घेऊन जातो. भिवंडी, कल्याण, पनवेल या बाजूंना सहा-सात महिने काम. आठवड्याला खर्ची मिळते, आणि पावसाआधी हंगाम संपला की बयाणा व खर्ची वळती करून उरलेला हिशेब हातात पडतो. त्या पैशांतून पावसाळ्याचे मीठ-मिरची, बियाणे, कपडालत्ता आणि दुकानाची मागली बाकी भागते. मार्चच्या शेवटी काम थांबले. काही कुटुंबे भट्टीवरच अडकली, काही पोरेबाळे घेऊन पायी घरी आली. हिशेब बहुतेकांचा झालाच नाही. “बायांच्या जनधन खात्यावर पाचशे रुपये आले, एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने. ती नोट घेऊन बाई आधी इथंच यायची. पण पाचशेत घर किती दिवस चालणार?”

धान्यशेठांनी हळूच विचारले, “तांदूळ मागवणे बंद केलेत ते?”

“रेशनला माणशी पाच किलो फुकट मिळतंय, शेठ. मग तांदूळ माझ्याकडून कोण घेईल? ज्यांच्याकडे कार्डच नाही तेवढेच येतात, आणि ते उधारीवर.” त्यांनी वहीची पाने मागे उलटली. “तेल पाहा. एप्रिलच्या आधी बाई वीस रुपयांचं तेल न्यायची. मग दहाचं. आता पाचचं मागते, बाटलीचा तळ ओला होण्यापुरतं. साखर बंद करून गूळ, मग गूळही बंद. आश्रमशाळा बंद पडल्या म्हणून पोरं घरी आली, म्हणजे जेवणारी तोंडं वाढली आणि तेल कमी झालं. मीठ तेवढं पहिल्याइतकंच जातं.”

मीठ. धान्यशेठांना आपल्या वहीतली ती ओळ आठवली. सगळ्या मालाची मागणी घटली, पण मिठाची गोण एकानेही कमी झाली नव्हती. दुसऱ्या दुकानाकडे वळलेला माणूस मीठ तरी इकडून कशाला नेईल? आकडा डोळ्यांसमोर होता. तो वाचायला तीस किलो-लीटरचे हिशेब जाणणारी नजर पुरेशी नव्हती. पाच रुपयांचे तेल कसे मोजतात, हे पाहावे लागले.

बोलणे चालले असताना दोन ठाकूर बायका टोपल्या घेऊन आल्या. कर्टुली आणि भारंगीचा पाला होता. वर्तुळात उभ्या राहून त्यातली एक म्हणाली, “शेट, ह्ये घे नि मीठ दे.” दुकानदारांनी कर्टुली तोलून घेतली आणि मीठ, मिरचीची पुडी व आगपेटी दिली. त्या गेल्यावर ते म्हणाले, “या बाया आसनगावला गाडी धरून कल्याण-डोंबिवलीला भाजी विकायच्या. दिवसाला तीन-चारशे रुपये सुटायचे.” उपनगरी गाड्या २२ मार्चच्या रात्रीपासून बंद होत्या. जूनच्या मध्यावर त्या सुरू झाल्या, पण अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरत्या. रानभाजीची टोपली त्यात बसत नव्हती. कापडशेठांनी उरलेली सगळी कर्टुली विकत घेतली. घरी ती हवी होती की नव्हती, हे त्यांनाही सांगता आले नसते.

निरोप घेताना दुकानदारांनी कागदात गुंडाळलेले पंचवीस हजार रुपये पुढे केले. “एवढे जमलेत. बाकीचे भात झाल्यावर.” नोटा बहुतेक दहा, वीस आणि पन्नासाच्या होत्या. धान्यशेठांनी पुडके घेतले नाही. “परत येताना इथूनच जायचे आहे. तेव्हा पाहू,” असे म्हणून ते गाडीत बसले.

डोळखांबच्या पुढे गुंडे आणि डेहणे या गावांकडे रस्ता जातो, आणि तिथे सह्याद्री एकदम अंगावर येतो. समोरचा डोंगर आजोबाचा. लव-कुशांचा जन्म इथल्या वाल्मीकींच्या आश्रमात झाला आणि ते वाल्मीकींना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराचे नाव आजोबा, अशी इथली श्रद्धा आहे. ढग कड्याच्या मध्यावर अडकले होते आणि त्यांच्या खालून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. कड्याच्या माथ्यापलीकडे तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. तिकडे मोटारीने जायचे तर पास हवा. पण दोन्ही बाजूंच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या घाटवाटा तशाच होत्या, आणि त्यांवर कोणी नाका बसवलेला नव्हता. रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली गाडी उभी करून चौघांनी डबे उघडले. खाखरे, ठेपले, कोरडी भाजी, दही-मिरची. पाऊस थोडा थांबला होता.

वाद इथेच झाला. कापडशेठ प्रथम बोलले. “तू ते पैसे घ्यायला हवे होतेस. माणूस चांगला आहे, मान्य. पण तुला गिरणीला पैसे द्यायचेत, बँकेला व्याज द्यायचंय. त्याच्या एकशे चाळीस घरांचा बोजा तू किती दिवस उचलणार? माझं दुकान तीन महिने बंद होतं. माझं भाडं कोणी माफ केलं?”

सिमेंटशेठ म्हणाले, “बँकेनं तुझे हप्ते पुढे ढकलले की नाही?”

“ढकलले. व्याज सोडलं नाही.”

ते खरेच होते. रिझर्व्ह बँकेने मार्चमध्ये कर्जाच्या हप्त्यांना प्रथम तीन महिन्यांची आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत मुदतवाढ देण्याची मुभा दिली होती. मात्र ती सूट नव्हती. व्याजाचे चक्र चालूच होते. कापडशेठांच्या बोलण्यात निष्ठुरपणा नव्हता, धंद्याचा अनुभव होता. धंदा बुडाला तर कोणाच्याच उपयोगाला येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या काकांच्या पेढीत पाहिलेले होते.

औषधशेठ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो पंचवीस हजार आज देईल. पण त्याच्या फळीवर माल किती होता पाहिलास? हे पैसे तू नेलेस तर पुढच्या आठवड्यात तो काय विकेल? आणि त्यानं दुकान बंद केलं, तर तुझे एक लाख साठ हजार कोणाकडे मागायला येशील? त्या टोपलीवाल्या बाईकडे?”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग धान्यशेठांनी खिशातून खात्याचा उतारा काढला, त्याच्या पाठीमागे पेनाने दोन रकाने आखले आणि मित्रांना दाखवत एकेक ओळ लिहिली. जुनी बाकी १,८४,६०० रुपये वेगळी काढायची. तिच्यावर दिवाळीपर्यंत व्याज नाही, आणि फेड भात हाती आल्यावर मार्गशीर्षापासून हप्त्यांनी. नवा माल स्वतंत्र खात्यावर, आठवड्याला पंधरा हजारांपर्यंत. आधीच्या आठवड्याचे पैसे आले की पुढचा टेम्पो. आजचे पंचवीस हजार जुन्या बाकीत जमा न करता नव्या खात्याची अनामत म्हणून धरायचे, म्हणजे दुकानदारांना माल मिळेल आणि पेढीलाही नवी जोखीम राहणार नाही. सिमेंटशेठांचा टेम्पो आठवड्यातून एकदा शहापूरला जातच असे. धान्याच्या गोण्या त्यातून पुढे पाठवायच्या, भाडे वाटून घ्यायचे.

कापडशेठांनी कागद घेऊन पुन्हा वाचला. “व्याज सोडलंस ते सोडून बाकी ठीक आहे,” ते म्हणाले. आणि क्षणभराने: “नवीन खात्याची मर्यादा मात्र मोडू देऊ नकोस. त्यांनी मागितलं तरी.” धान्यशेठांनी ती अटही लिहून घेतली.

परतताना दुकानापुढे गाडी पुन्हा थांबली. दुकानदारांनी कागद चष्मा लावून सावकाश वाचला. त्यांनी आभार मानले नाहीत. मिठाच्या दोन गोण्या आणि पाच डबे तेल, अशी पुढच्या आठवड्याची मागणी सांगितली आणि म्हणाले, “तांदूळ नको. डाळ थोडी पाठवा, बारीक पुड्या करता येतील अशी.” पुडके त्यांनी धान्यशेठांच्या हाती दिले, तेव्हा पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

शहापूरला गाडी मुंबई-नाशिक महामार्गाला लागली. मानस मंदिराच्या टेकडीला गाडीतूनच हात जोडले गेले. मंदिरे तेव्हा बंद होती, ती उघडायला नोव्हेंबर उजाडायचा होता. रस्ता मोकळा होता. याच रस्त्याने एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-ठाण्यातले मजूर डोक्यावर बोचकी घेऊन, मुलांना कडेवर घेऊन कसाऱ्याच्या दिशेने चालत गेले होते. कोणी सायकलवर, कोणी रिक्षात सहा-सात जण, उत्तर प्रदेशापर्यंत. त्यांच्यासाठी ‘चालक आणि तिघे’ हा नियम नव्हता, चालकच नव्हता. वाटेवरच्या गावांनी आणि संस्थांनी त्यांना पाणी दिले, खिचडी दिली, चपला दिल्या. सिमेंटशेठांनी त्या दिवसांत आपला टेम्पो पाण्याच्या बाटल्या घेऊन इथे दोनदा पाठवला होता, हे मित्रांना त्या संध्याकाळी कळले. ते त्यांनी आजवर सांगितले नव्हते, आणि आताही टेम्पोच्या टायरांचा विषय निघाला म्हणून सांगितले. सूर्यास्ताला अर्धा तास असताना गाडी कल्याणात शिरली.

सहा महिने ठरल्याप्रमाणे चालले, असे म्हणता येणार नाही. सप्टेंबरात एका आठवड्याचे पैसे आले नाहीत आणि टेम्पो थांबला. दुकानदारांचा फोन आला, धान्यशेठांनी मर्यादा मोडली नाही, दहा दिवसांनी पैसे आले. २ सप्टेंबरपासून ई-पासची अट गेली होती, पण सर्वांसाठी उपनगरी गाड्या सुरू व्हायला २०२१ चा फेब्रुवारी लागला, आणि तोवर रानभाजीच्या टोपल्या डोळखांबच्याच रस्त्यावर बसल्या. आदिवासी कुटुंबांसाठी राज्य सरकारने खावटी योजना पुन्हा मंजूर केली होती; चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. दुकानदारांना त्याचा भरवसा नव्हता. त्यांचा भरवसा भातावर होता. आवणी लांबली तशी कापणीही लांबली, पण पीक उभे राहिले. त्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला १,८६८ रुपये होता. ज्यांच्याकडे घरापुरते ठेवून विकण्याजोगे काही उरले, त्यांनी ते विकून दुकानाची उधारी थोडी थोडी वळती केली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ती कुटुंबे दिवाळीनंतर नवा बयाणा घेऊन पुन्हा भट्ट्यांवर गेली.

जानेवारी २०२१ अखेर जुन्या बाकीतले १,१२,००० रुपये जमा झाले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, पुन्हा निर्बंध लागले, पुन्हा ई-पास आला. या वेळी टेम्पो एकही आठवडा थांबला नाही. औषधशेठांनी त्यातून मुखपट्ट्या आणि तापाच्या गोळ्यांची खोकी आरोग्य केंद्रासाठी पाठवली, आणि पावती मागितली नाही. २०२१ च्या दिवाळीत धान्यशेठांनी नवी वही पूजली, तेव्हा त्या खात्यावर ९,४०० रुपये उरले होते. ते त्यांनी माफ केले नाहीत. माफ करणे म्हणजे खाते बंद करणे, आणि दुकानदारांना ते आवडले नसते. बाकी पुढे ओढली गेली आणि पुढच्या पावसाळ्याआधी फिटली.

मित्रांच्या लांबच्या सहली नंतर पुन्हा सुरू झाल्या. राहिलेला चहाही झाला. त्यासाठी धान्यशेठ वडिलांना घेऊन मुद्दाम डोळखांबला गेले, आणि नव्वदीच्या त्या गृहस्थांनी आपल्या हातचे पहिले खाते जिथे पोहोचत असे, ती फळी हात लावून पाहिली. पेढीवरच्या व्यवहारात फरक पडला तो एवढाच की, डोळखांबचा फोन आला की धान्यशेठ मागणी लिहून घेण्याआधी विचारतात, “पाऊस किती झाला?” पेढीवरच्या नव्या मुनिमाला सुरुवातीला वाटले, ही केवळ बोलण्याची रीत आहे. आता तोही उत्तर वहीच्या कडेला लिहून ठेवतो.